कापलेल्या तुकड्याची उत्तर दिशा



आमच्या बावड्याकडे जमिनीची मोजणी झाली, की शेतकरी नकाशा हाती घेऊन आधी उत्तर कोठे आहे ते पाहतो. दिशाच दाखविलेली नसेल, तर बांध सरकला एवढे कळेल. कोणत्या अंगाला, ते कळायचे नाही.

घशाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतही असेच घडते. सर्जन गाठ काढतो, ती भोवतालच्या थोड्या निरोगी भागासकट. ही कड खरोखर निरोगी आहे काय, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून पाहतो. रोगी टेबलावर असतानाच तुकडा गोठवून, पातळ काप काढून, वीस-तीस मिनिटांत तो आपले मत कळवू शकतो. पण कापलेला तुकडा आक्रसतो, त्याचा आकार बदलतो. ‘एका कडेला रोग आहे’ एवढाच निरोप आला, तर सर्जनाने पुन्हा कापावे कोठे? जास्त कापावे तर आवाज जातो, गिळणे अवघड होते. कमी कापावे तर रोग मागे राहतो!

म्हणून सर्जन तुकड्याला खुणेचे टाके घालतो, एका अंगाला आखूड धागा, दुसऱ्या अंगाला लांब. पॅथॉलॉजिस्ट कडांना निरनिराळे रंग लावतो. तरी चिठ्ठीवर सारे मावत नाही. दोघांनी तुकडा पुढ्यात ठेवून, बोट दाखवून बोलावे, हे उत्तम.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यांसह १९५५ साली तंबाखू खाणे-ओढणे आणि तोंडाघशाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. प्रयोगशाळेत बसलेला माणूसही रोग्याच्या किती जवळ असतो, ते यावरून ध्यानी येईल.

आता आपले काम. माझ्या परिचयाचे एक गुरुजी तपासणीचा नुसता कागद घेऊन मोठ्या शहरी गेले. तेथील डॉक्टरांनी मूळ काचपट्ट्या मागितल्या. त्या आणण्यात त्यांचे पंधरा दिवस गेले. तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात जाताना अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही मागून न्यावेत. आणि गुरुजनहो, आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर ‘वर्गात बोलून बसला’ म्हणून स्वस्थ राहू नका, घसा दाखवा. रोग लहान असतानाच हाती लागला, तर कापायचेही थोडेच, आणि आवाज वाचण्याची आशाही मोठी.