एका अक्षराचा फेर



घरात व्यंग असलेले मूल जन्माला आले की पहिला प्रश्न निघतो तो ‘दोष कुणाचा?’ हा, आणि उत्तर बहुधा ठरलेलेच असते : सुनेचा. पूर्वी त्यासाठी ग्रहणाचा वा नजरेचा आधार घेत. आता रक्ततपासणीचा कागद पुढे करून ‘हिच्या जनुकातच बिघाड आहे’ असे म्हणतात. अशा कागदांवर ज्याचे नाव पुष्कळदा आढळते, त्या एका जनुकाविषयी आज चार शब्द बोलण्याचा माझा विचार आहे.

या जनुकाचा संबंध फोलेट नावाच्या जीवनसत्त्वाशी आहे, आणि त्या जीवनसत्त्वाच्या शोधाचा आरंभ मुंबईत झाला. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई तेथे आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक घातक पांडुरोग होत असे. ज्यांचे अन्न निकृष्ट त्यांनाच तो अधिक होतो, असे बाईंच्या ध्यानी आले. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मार्माइट या नावाने मिळणारा साधा पदार्थ, दिल्यावर त्या स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली विल्सबाईंनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले.

परंतु धान्य घरात आले म्हणून भाकरी होत नाही. ते दळावे लागते. अन्नातील फोलेटलाही शरीरात निरनिराळी रूपे घ्यावी लागतात. त्यांतील एक महत्त्वाचे रूपांतर घडवून आणणारे विकर, म्हणजे एन्झाइम, ज्या जनुकाच्या आज्ञेने तयार होते, त्याचे आद्याक्षरी नाव एम. टी. एच. एफ. आर. असे आहे. १९९५ साली कॅनडातील संशोधकांनी या जनुकातील एक उत्परिवर्तन उजेडात आणले. जनुकाच्या लिपीतील ६७७व्या स्थानी एक अक्षर जाऊन दुसरे आले, एवढाच तो फेर.

आपण शिक्षक मंडळी ऱ्हस्वदीर्घाच्या चुका रोज पाहतो. अशी चूक असलेले वाक्य बहुधा कळते. फक्त वाचणारा क्षणभर अडखळतो. येथेही तसेच घडते. विकर तयार होते, पण दुबळे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात : एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत हा फेर असला तर विकराची शक्ती सुमारे ३० टक्क्यांवर येते. तथापि फोलेटचा पुरवठा भरपूर असला, तर हे दुबळे विकरही पुष्कळसे सावरते. सारखेच फॉलिक आम्ल घेतले तरी अशा व्यक्तींच्या रक्तातील फोलेट इतरांहून सुमारे १६ टक्केच कमी भरते.

मग धोका कोठे आहे? गर्भाच्या पाठीचा कणा व मेंदू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटावी लागते. ती न मिटल्यास मूल गंभीर व्यंग घेऊन येते. फोलेट अपुरे असता हा धोका वाढतो, व वरील फेर त्यात थोडी भर घालतो. परंतु हा फेर असलेल्या बहुसंख्य मातांची मुले निकोपच जन्मतात. १९९१ साली सात देशांतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्वी असे मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिले असता पुन्हा तसे मूल होण्याचा संभव ७२ टक्क्यांनी घटला.

येथे खरी अडचण काळाची आहे. आपल्याला दिवस गेले आहेत हे कळेपर्यंत ते २८ दिवस बहुधा सरत आलेले असतात. म्हणून मूल हवे असा विचार मनात येताच, निदान महिनाभर आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेण्याचा सल्ला देतात. पूर्वी तसे मूल झाले असल्यास याहून पुष्कळ मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. पालेभाज्या, मूग, हरभरा, मसूर, चवळी, शेंगदाणे यांत फोलेट असते. मात्र भाजी शिजवून पाणी ओतून दिले, तर त्यातील बराच अंश त्या पाण्याबरोबर जातो. शाकाहारी मंडळींनी ‘ब-१२’ जीवनसत्त्वही तपासून घ्यावे. कारण ते कमी असता नुसत्या फॉलिक आम्लाने पांडुरोग झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते.

या जनुकाची तपासणी सरसकट करू नये, असेच तज्ज्ञांचे मत आहे. कारण फेर असो वा नसो, उपाय एकच आहे. ज्यांच्या हाती तो कागद आधीच आला असेल, त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की सुनेच्या दोन प्रतींपैकी एक तिच्या वडिलांची आहे, आणि बाळाच्या दोन प्रतींपैकी एक आपल्याच मुलाची आहे. आईबापांकडून आलेले अक्षर कुणाला खोडता येत नाही. सुनेच्या ताटात पालेभाजी वाढणे आणि तिची गोळी वेळेवर आणून देणे, हे मात्र घरातील प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे.