महिनाअखेरचे हुलगे

महिनाअखेर आली की स्वयंपाकघरातले डबे वाजायला लागतात. रेशनचं धान्य असतं, नाही असं नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून तेही मोफत. पण नुसत्या गहू-तांदळावर पोरं कशी पोसायची? खरी ओढाताण होते ती डाळीची.

अशा वेळी तुरीला सुट्टी द्या आणि हुलगे, म्हणजे कोकणातले कुळीथ, घ्या. शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिनं, तुरीच्या तोडीस तोड. रात्री भिजत घाला, सकाळी कुकरला चांगले मऊ शिजवा. वरचं पाणी मात्र मोरीत ओतू नका! त्याला ठेचलेल्या लसणाची फोडणी, थोडा चिंचेचा कोळ, की झालं कढण. भाकरी कुस्करून खावं. खालच्या दाण्यांची कांदा घालून उसळ. एका शिजवणीत दोन कालवणं, गॅसही वाचला. पाहुण्यांपुढे हुलगे ठेवायला काहींना कमीपणा वाटतो, वाटो बापडा.

पालेभाजी महागली असेल तर शेजारच्या शेवग्याचा कोवळा पाला मागून आणा, पिठल्यात मूठभर घाला. पानात लिंबाची फोड असू द्या, जेवणातलं लोह अंगी लागतं. आणि जेवल्याबरोबर चहा नको, तासभर थांबा. चहा ते लोह अडवतो.