सुतळी, नागली आणि चाललेली माणसं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझी ओळख आत्ता ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ अशी करून दिली गेली. खरंच आहे, वीस वर्षं कंपन्यांसाठी पडद्यावर आलेख काढतेय. पण आज बोलायचंय ते बाहेर व्हरांड्यात टांगलेल्या गोणपाटाबद्दल. ते पोस्टर मी हाताने केलंय. चित्रकलेत मला किती मार्क पडायचे हे बाईंना आठवत नसेल तर बरंच.

६ मार्च २०१८ ला नाशिकहून किसान सभेचा मोर्चा निघाला आणि १२ तारखेला आझाद मैदानावर पोहोचला. सुमारे १८० किलोमीटर, पायी. वनहक्क कायदा २००६ चा, पण कसत असलेली जमीन अजून नावावर नाही, ही त्यातली मोठी तक्रार. आपल्या शहापूर तालुक्यातूनच गेले ते. पोस्टरवर किलोमीटरला एक सेंटिमीटर सुतळी आहे. मुंबईतला शेवटचा टप्पा, सोमय्या मैदान ते आझाद मैदान, ते रात्रीच चालले. सकाळी दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून. तेवढी सुतळी काजळीत बुडवून काळी केलीय.

माणसांसाठी नागली. एक दाणा, एक माणूस. चालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या शेतात तीच पिकते, आणि तांदळासारखी तिला लवकर कीडही लागत नाही. हजार दाणे मोजले, सोनाराच्या तराजूवर वजन केलं आणि पुढचे वजनावर घेतले. पस्तीस हजार माणसं एका वाटीत मावली! आधी मन खट्टू झालं. मग फेव्हिकॉल लावून दाण्याला दाणा भिडवायला बसले, तेव्हा पस्तीस हजार म्हणजे काय ते माझ्या मानेला कळलं.

पस्तीसच का? कारण मोर्चा मुंबईत येईपर्यंत कुणी ३५ हजार सांगत होतं, कुणी ५० हजार. पडद्यावर मला एक आकडा टाकावा लागतो आणि स्तंभ ताठ उभा राहतो, जणू शंका कुणालाच नव्हती. इथे कमीत कमी जेवढे, तेवढे चिकटवले. वादातले पंधरा हजार खाली पुरचुंडीत बांधलेत. कुणाला आकडा फुगवलेला वाटेल, कुणाला दाबलेला. पुरचुंडी सोडून दोघांनीही दाणे हातात घ्यावेत. ऑफिसात हे दाखवलं तर एक सहकारी म्हणाला, “पण नक्की आकडा किती?” त्याचं काही चुकलं नाही, आमचा धंदाच तसा.

ही कल्पना काही माझी एकटीची नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी अंथरली होती. १,९२० तुकडे, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. आकडा कागदावर वाचणं वेगळं आणि त्याच्या कडेकडेने चालत जाणं वेगळं.

दुसरी सुतळी २०२३ ची. दिंडोरीहून निघालेला तो मोर्चा आपल्या वासिंदला थांबला आणि तिथूनच परतला, म्हणून सुतळीही तिथेच संपते. त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. पस्तीस हजारांच्या शेजारी एकाचा स्तंभ काढला तर तो दिसतच नाही. मी तिथे एकच दाणा लावलाय आणि भोवती तळहाताएवढं गोणपाट मोकळं सोडलंय. हे योग्य की नाही, यावर घरी बरेच दिवस वाद झाला. तुम्हीही बघून सांगा.

एक काम मात्र अर्धं आहे. आपल्यापैकी काहींची घरं हायवेला लागून आहेत. त्या दिवसांत कुणी पाणी दिलं असेल, ओट्यावर बसू दिलं असेल, तर जुन्या कपड्याची एक चिंधी मला द्या. सुतळीच्या कडेला तुमच्या गावाच्या जागी ती शिवायची आहे. सुई-दोरा माझ्या पर्समध्ये आहे, आणि जेवणाला अजून अर्धा तास आहे.