एक उल्का, दोन गावे



वसंतातल्या व्याख्यानाला आम्ही मार्गशीर्षातला विषय आणावा, हे कोणाला अवेळी वाटेल. परंतु शेतकरी पावसाची तयारी वैशाखातच करतो. ज्या रात्रीविषयी आम्ही बोलणार आहोत, तिची तयारीही आजच करायला हवी. ती रात्र म्हणजे 13 आणि 14 डिसेंबरच्या मधली.

उल्कावर्षावांची नावे आपण वृत्तपत्रांत वाचतो. 12 ऑगस्टच्या सुमारास ययाती तारकासमूहातून उल्का येतात, तेव्हा आपल्याकडे श्रावणाचे ढग असतात. 17 नोव्हेंबरच्या सुमारास सिंहेतून येतात. पण त्यांचा मोठा वर्षाव साधारण 33 वर्षांनीच होतो, आणि तोही गणित चुकवतो. 1998 साली सांगितलेल्या वेळेच्या सुमारे सोळा तास आधीच तेजस्वी अग्निगोल येऊन गेले. त्या वेळी आपल्याकडे उजाडले होते! मिथुनेतल्या डिसेंबरच्या उल्का मात्र दर वर्षी नेमाने येतात. पाऊस सरलेला, हवा स्वच्छ, रात्र लांब. हा वर्षाव जणू आपल्यासाठीच ठेवला आहे.

आपल्या पूर्वजांनी उल्का पाहिल्या नव्हत्या असे नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कांवर स्वतंत्र अध्याय आहे; त्यात धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आहेत. पाहणे बारकाईचे होते. पण पुढचा प्रश्न पडला तो शुभाशुभाचा. तारा तुटला की कोणी थोर माणूस गेला, ही समजूत आजही घरोघर आहे. वास्तविक तुटतो तो तारा नव्हेच. वाळूच्या कणापासून वाटाण्याएवढे खडे सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि जळून जातात. हे खडे 'फेथॉन' नावाच्या लघुग्रहाने आपल्या मार्गावर सांडलेले आहेत. या लघुग्रहाचा शोध 1983 साली लागला. तो सुमारे दीड वर्षात सूर्याभोवती फेरी मारतो आणि बुधाच्या कक्षेच्याही आत जाऊन येतो.

आता कोणी विचारील, उल्का इतक्या उंचीवर जळते हे कोणी मोजले? श्रोतेहो, ते मोजले दोन विद्यार्थ्यांनी. 1798 साली जर्मनीतील गटिंगेनच्या ब्रांडेस आणि बेंझेनबर्ग यांनी काही मैलांच्या अंतरावर बसून शेकडो उल्का टिपल्या. त्यांतल्या वीसएक दोघांनाही दिसल्या, आणि तेवढ्यांवरून उंची निघाली. युक्ती सोपी आहे. डोळ्यांसमोर बोट धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. किती सरकले हे कळले आणि दोन डोळ्यांतले अंतर ठाऊक असले, की बोट किती दूर आहे हे गणिताने सांगता येते.

साताऱ्याचा एक डोळा आणि सांगलीचा दुसरा, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. या दोन गावांत सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर अंतर आहे. उल्काही साधारण 100 किलोमीटर उंचीवरच पेटते. मापनाला याहून सोयीचा पाया कोणता? समजा, कृष्णा-कोयनेच्या संगमावर, कराडच्या माथ्यावर एक उल्का पेटली. सातारकरांना ती दक्षिणेकडे दिसेल, सांगलीकरांना वायव्येकडे, आणि दोघांनाही क्षितिजापासून साधारण 60 अंश उंच. मागचे तारे मात्र दोघांना निरनिराळे दिसतील. तो फरक छायाचित्रावर मोजायचा.

उल्केचे पहिले छायाचित्र 27 नोव्हेंबर 1885 रोजी प्राग येथे वायनेक यांनी घेतले. आज त्यासाठी वेधशाळा लागत नाही. विशाल कोनाचे भिंग असलेला कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा. एखाद्या ठळक ताऱ्यावर भिंग हाताने जुळवावे, आणि दहा-पंधरा सेकंदांची छायाचित्रे एकामागून एक घेत राहावे. दोन्ही गावच्या कॅमेऱ्यांचे तोंड कराडच्या आकाशाकडे असावे, आणि घड्याळे सेकंदापर्यंत जुळलेली असावीत. नाही तर कोणती उल्का कोणाची, हे कळणार नाही. दंवाने भिंग धुरकटते, ते मधूनमधून पाहावे. चलच्चित्र घेतले तर प्रत्येक चौकटीत उल्का किती पुढे गेली ते दिसते, आणि वेगही हाती येतो.

ज्यांच्याजवळ कॅमेरा नाही, त्यांनी सतरंजी आणि घोंगडी घेऊन उताणे पडावे. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. तोवर विजेरीला लाल कागद गुंडाळावा. मिथुन रात्री आठच्या सुमारास ईशान्येला उगवते आणि दोन-अडीचला जवळजवळ माथ्यावर येते. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळून उल्का फाकतात. मोजणाऱ्याने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. निर्दोष अंधारात ताशी शंभराहून अधिक दिसू शकतात.

निर्दोष अंधारात, असे आम्ही मुद्दाम म्हटले. खरी अडचण तीच आहे. यवतेश्वराच्या वर चढून मागे पाहिले, की साताऱ्याच्या दिव्यांचा उजेड आभाळाला लागलेला दिसतो. सांगली-मिरजेकडेही तेच. दिवे नकोत असे आम्ही म्हणत नाही. अंधाऱ्या रस्त्याने जाणाऱ्या बाईमाणसाला दिवा हवाच. परंतु रस्त्यासाठी लावलेला दिवा आभाळाकडे उजेड फेकतो, तेव्हा तो वाटसरूच्या उपयोगी पडत नाही आणि विजेचे पैसे मात्र गावाला पडतात. दिव्याला वरून झाकण घातले, तर दोन्ही गोष्टी साधतात.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'ज्योतिर्विलास' लिहिला, तेव्हा त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असेही नाव दिले. त्या मौजेसाठी वाचकाला अंगणात येण्यापलीकडे काही करावे लागत नव्हते. आपल्या मुलांना आकाशगंगा पाहण्यासाठी डोंगर चढावा लागतो. म्हणून आमची विनंती दोन गोष्टींची आहे. दोन्ही गावांतल्या शाळांनी येत्या डिसेंबरात दहा-दहा मुले निवडावीत, एकीकडे साताऱ्याला, एकीकडे सांगलीला बसवावीत, आणि दुसऱ्या दिवशी टिपणे एकमेकांना पाठवावीत. आणि बाकीच्या नागरिकांनी त्या रात्री आपापल्या गच्चीवरचा बिनकामाचा दिवा मालवावा. एकच उल्का दोन्ही यादींत सापडली आणि मुलांनी तिची उंची स्वतः काढली, तर पुस्तकातला आकडा त्यांचा स्वतःचा होईल.