टाकलेल्यांची मोजदाद

घटस्फोट फार वाढलेत, ही चर्चा लग्नाच्या पंगतीत जितकी रंगते तितकी कुठेच नाही. बोलणाऱ्याकडे आकडा नसतो. असलाच तर मोबाईलवर आलेला असतो. सगळ्या देशाचा, विसंबावा असा आकडा अजून 2011च्या जनगणनेचाच आहे. त्या वर्षी भारतात घटस्फोटित व्यक्ती होत्या सुमारे 13 लाख 60 हजार. विवाहितांशी ताडून पाहिलं, तर हे प्रमाण पाव टक्काही भरत नाही. मिझोराममध्ये ते चार टक्क्यांवर जातं, पण तिथे मोडलेल्या लग्नाची लाजही आपल्याइतकी नाही.

एवढ्यावर समाधान मानायला हरकत नव्हती. पण त्याच तक्त्यात शेजारी आणखी एक रकाना आहे: 'विभक्त'. 2001पर्यंत घटस्फोटित आणि विभक्त एकाच रकान्यात कोंबले जात. 2011 साली ते वेगळे मोजले आणि विभक्त निघाले 35 लाखांच्या वर! कोर्टाचा शिक्का बसलेल्या एका माणसामागे शिक्क्याविना वेगळी राहणारी अडीच माणसं. पंगतीत चर्चा होते ती पहिल्यांची.

या 35 लाखांत बायका जवळपास 24 लाख आणि पुरुष त्यांच्या निम्मे. खरं तर संसार मोडतो तो दोघांचा, तेव्हा आकडे बरोबरीचे यायला हवेत. पण पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो आणि 'विवाहित'च्या रकान्यात परत जातो. रीतसर घटस्फोट न घेता दुसरी केली, तरी जनगणनेच्या कागदावर तो विवाहितच. बाई मात्र जिथल्या तिथे.

महाराष्ट्राला ही बाई अनोळखी नाही. गावात तिला सरळ 'नवऱ्यानं टाकलेली' म्हणतात, अर्ज-निवेदनांत 'परित्यक्ता'. संगमनेरला 1988 साली अशा बायकांची परिषद भरली. अ‍ॅडव्होकेट निशा शिवूरकर त्या चळवळीच्या एक प्रमुख कार्यकर्त्या. बायकांच्या मागण्यांत स्वतंत्र रेशनकार्ड होतं, आणि त्यामागचं दुखणं अगदी साधं होतं. बाई माहेरी, तिचं नाव सासरच्या कार्डावर. तिच्या नावचं धान्य सासर उचलणार आणि ती भावाच्या घरी भावजयीच्या तोंडाकडे बघत बसणार.

पोटगीचा कायदा तसा जुना आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं 144. त्यात महिन्याला कमाल 500 रुपये ही मर्यादा होती. महाराष्ट्राने ती 1500वर नेली, आणि 2001 साली संसदेने मर्यादाच काढून टाकली. रकमेचं कुंपण गेलं, तारखांचं राहिलं.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं एक प्रकरण पाहण्यासारखं आहे. मुलगा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत पत्नीने घर सोडलं आणि 2013 साली पोटगीचा अर्ज केला. अंतरिम आदेश झाला 2015 साली: तिला महिना 15 हजार, मुलाला आधी पाच आणि पुढे दहा. 'अंतरिम' म्हणजे निकाल लागेपर्यंतची तात्पुरती सोय. तिलाच दोन वर्षं लागली. नवरा उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात. 4 नोव्हेंबर 2020 रोजी निकाल आला: थकबाकी बारा आठवड्यांत भरा. अर्जाच्या वेळी तान्हं असलेलं ते पोर तोवर शाळेत जायच्या वयाचं झालं होतं.

त्या निकालाने देशभरासाठी नियम घालून दिले. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकालात काढायचा, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची आणि दोन्ही पक्षांनी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुनाच आहे. जमीन किती, बागायत की जिरायत, पिकं कोणती हे तर त्यात आहेच. शिवाय कोंबड्या, मासे, मधमाश्या पाळता का, हेही विचारलेलं आहे. 'माझ्याकडे काहीच नाही साहेब' हे वाक्य न्यायाधीशांनी किती वेळा ऐकलं असेल, ते या नमुन्यावरून कळतं.

मुलांचा ताबा हा वेगळा प्रश्न. 1956च्या हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं, पण नैसर्गिक पालक आधी बाप आणि 'त्यानंतर' आई. बाप हयात असूनही मुलाकडे बघत नसेल तर आईच पालक, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली लावला, तेव्हा तिच्या सहीला वजन आलं.

आता 2027ची जनगणना तोंडावर आहे. प्रगणक दारात येईल आणि घरातल्या प्रत्येकाची वैवाहिक स्थिती विचारेल. माहेरी येऊन राहिलेल्या लेकीबद्दल 'लग्न झालंय' एवढंच सांगून त्याची बोळवण करू नका. ती विभक्त असेल तर तसंच लिहून घ्यायला सांगा. आणि पोटगी मंजूर होऊनही पैसे येत नसतील, तर ध्यानात ठेवा: वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो.