‘शक्य नाही’



  गेल्या पाच वर्षांतल्या आपल्या व्यवसायाचा, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाचा, आढावा मी अध्यक्षीय भाषणात घ्यावा, असं या परिषदेच्या निमंत्रणपत्रात होतं. कंत्राटी भरती, वेतनरचना, नव्या कामगार संहिता यांवर उद्या सत्रं आहेत. तिथले वक्ते माझ्यापेक्षा नीट बोलतील. मला सकाळच्या परिसंवादाबद्दल बोलायचं आहे.

घरून काम की ऑफिसात हजेरी, यावर दोन तास भांडण झालं. कोणी अ‍ॅमेझॉनचा दाखला दिला; त्यांनी २ जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस माणसांना बोलावलं. कोणी ‘नेचर’मधला २०२४चा अभ्यास काढला, चीनमधल्या ट्रिप डॉट कॉमच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरच्या त्या प्रयोगात दोन दिवस घरून काम मिळालेल्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. दोन्ही बाजूंना टाळ्या मिळाल्या. पण २०१७ हे साल कोणाच्या तोंडून आलं नाही, आणि ते मला लागलं.

१ एप्रिल २०१७ला मातृत्व लाभ कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. त्यातली २६ आठवड्यांची रजा आपल्याला पाठ आहे. त्याच दुरुस्तीने पाचव्या कलमात एक पोटकलम घातलं: कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर बाईला घरून काम देता येईल, किती काळ आणि कोणत्या अटींवर, ते तिने आणि मालकाने परस्परसंमतीने ठरवावं. महासाथीच्या तीन वर्षं आधी ही सोय कायद्यात होती. आपल्यापैकी किती जणांनी ती वापरली? मी वापरली नाही.

२०१८ साली हिंजवडीतल्या एका कंपनीत मनुष्यबळ विभाग माझ्याकडे होता. टेस्टिंगमधल्या एका मुलीचा अर्ज आला. बाळ सात महिन्यांचं, सासूबाईंना अर्धांगवायू, घर सिंहगड रस्त्यावर. चांदणी चौक, भूमकर चौक असं करत जाऊन-येऊन तिचे साडेतीन तास जायचे. आठवड्यातले दोन दिवस तिला घरून काम हवं होतं. मी वर विचारलं. डेटा बाहेर जाईल, क्लायंट मानणार नाही, एकीला दिलं की सगळ्या मागतील, असं उत्तर आलं. क्लायंटला विचारलंच नव्हतं. ‘शक्य नाही’ या पत्रावर सही माझी होती. पुढच्या महिन्यात तिचा राजीनामा आला.

मार्च २०२०मध्ये त्याच कंपनीच्या गेटवर मी रजिस्टर घेऊन उभी होते. कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये, माणसं बसायची त्या सीटांवर, संगणक चढत होते. चार दिवसांत सगळी कंपनी घरी गेली. क्लायंटची परवानगी एका ई-मेलवर आली. तेव्हापासून ‘शक्य नाही’ हे शब्द मला सहन होत नाहीत.

सकाळी एक सहकारी म्हणाले, नवी मुलं घरी बसून काम शिकत नाहीत. खरं आहे. २०२१ साली हडपसरला एका खोलीत पाच माणसांत राहणारा एक मुलगा मला फोन करायचा, “मॅडम, ऑफिस कधी उघडणार?” त्याला टेबल हवं होतं, शेजारी बसणारा सीनियर हवा होता. त्याच्यासाठी ऑफिस उघडायलाच हवं होतं. पण परत बोलावताना आपण काय केलं? त्याला, तान्ह्या बाळाच्या आईला, निवृत्तीला आलेल्या माणसाला, सगळ्यांना एकच ई-मेल. त्या पोटकलमातली संमती कुठे गेली? विचारलं कोणी? वर कार्ड किती दिवस स्वाइप झालं याचे तक्ते आपणच करायचे आणि वेतनवाढीला जोडायचे. तक्ते गेटवरचं यंत्रही काढतं. त्यासाठी तुम्ही-आम्ही कशाला हवेत?

परस्परसंमतीच्या कराराचा एक नमुना या वर्षात मराठीत तयार व्हावा, असं मला वाटतं. मसुदा कोण लिहील, कोणता वकील तपासेल, ते आपली कार्यकारिणी बघेल. आणि नकार द्यायचा असेल तर कारण लिहा. देण्याची इच्छा नसेल तर तसं लिहा.

२०२१मध्ये माणसं मिळेनात, तेव्हा मी राजीनामा दिलेल्या त्या मुलीला फोन केला. पूर्ण वेळ घरून काम, पगार आधीच्या दीडपट. ती नीट बोलली. सासूबाई गेल्याचं सांगितलं. “मॅडम, टूल्स सगळी बदललीत, आता नाही जमायचं,” म्हणाली. शिकवू, असं मी म्हणाले. मुलाला ऑनलाइन वर्गाला बसवायचंय, म्हणून तिने फोन ठेवला.

तिच्या अर्जातला मजकूर मला तोंडपाठ आहे. मंगळवार आणि गुरुवार मागितले होते. उरलेले तीन दिवस नऊच्या आत पोहोचेन, हे वाक्य तिने अधोरेखित केलं होतं.