पहिल्या मंडळीतील कुरकुर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिन हा झालेल्या कामाचे कौतुक करण्याचा दिवस. ते कौतुक अहवालात आलेच आहे. मला आज एका चुकीविषयी बोलावयाचे आहे.

पहिल्या मंडळीचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. यरुशलेमातील विश्वासणारे एकत्र जेवीत, जमिनी व घरे विकून पैसा प्रेषितांच्या पायांशी ठेवीत, कोणाला काही उणे पडू देत नसत. हे खरेच आहे. पण 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडला की त्याच मंडळीत कुरकुर ऐकू येते. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. कोणी ती मुद्दाम केली, असे तेथे म्हटलेले नाही. वाढणाऱ्याचा हात ओळखीच्या पानाकडे आधी वळतो, तसेच बहुधा झाले असावे. पण चुकून राहिले म्हणून पोट भरत नाही.

प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसविले नाही. साऱ्या मंडळीला बोलावून, चांगल्या लौकिकाची व सुज्ञ अशी सात माणसे निवडावयास सांगितली. नावे पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना व नीकलाव. सातही नावे ग्रीक! ज्यांची पाने राहिली, त्यांच्याच माणसांच्या हाती पळी दिली, असाच मी याचा अर्थ घेते.

हे काम पुढेही चालू राहिले. इ. स. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने लिहिलेल्या पत्रात, तेथील मंडळी १,५०० हून अधिक विधवा व गरजूंना पोशीत असल्याचा उल्लेख आहे. आणि ही मंडळी सम्राट डेशियसच्या छळातून नुकतीच निघालेली!

आता आपल्या घरचे. गेल्या नाताळात धान्यवाटपाची यादी मी केली. तीत ओढ्यापलीकडच्या दोन विधवा राहिल्या. त्या तेलुगू बोलतात, उपासनेला मागच्या बाकावर बसतात. एका भगिनीने ही चूक दाखविली, तेव्हा "यादी पुरी झाली, आता पुढच्या वर्षी पाहू," असे मी म्हणाले. सहावा अध्याय मी कितीदा शिकविला आहे! धान्य मागाहून पोचले. पण नाताळ होऊन गेला होता.

क्षमा मी त्यांच्या घरी जाऊन मागितली आहे. आज मंडळाला एवढेच सुचविते : यंदाच्या यादीच्या समितीवर त्या दोघींपैकी एकीला घ्यावे. जागा शोधावयास नको. मी माझी सोडते. शेजारी बसून हिशेब लिहावयास मात्र मी आनंदाने येईन.